रिकामी पिकअप, मागे बांधलेली मोटार : ठाणे ते कोरेगाव टोचनाचे एक प्रकरण

ठाणे पूर्वेला कोपरीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांची पाच दारांची जुनी पेट्रोल मोटार इंजिन बसल्यामुळे काही महिने सोसायटीच्या आवारात उभी होती. रेडिएटरची नळी फुटून पाणी निघून गेले, तापमानाचा काटा चढलेला वेळीच लक्षात आला नाही आणि तापलेले पिस्टन सिलिंडरमध्ये धरले गेले. इंजिनाला बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून पुन्हा गुळगुळीत करून, घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. शिक्षकांचा पुतण्या सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा. स्वतःच्या दीड टनी पिकअपमधून आल्याची पोती घेऊन तो वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत नेहमी येतो आणि परतीच्या वाटेवर त्याची गाडी बहुतेक वेळा रिकामी असते. साताऱ्याच्या एमआयडीसीत त्याच्या ओळखीचे लेथचे दुकान होते, तिथला खर्च ठाण्याच्या मानाने कमी होता आणि दुरुस्तीनंतर मोटार गावीच ठेवायची असेही घरात ठरले होते. त्यामुळे त्याने सुचवलेला मार्ग सरळ होता. "काका, गाडी तशीही रिकामीच परत जाते. मागं टोचन करून नेतो की, भाड्याचे पैसे कशाला घालवायचे?"

मालवाहू गाड्यांच्या देखभालीचे काम मी करतो, म्हणून हा प्रस्ताव माझ्याकडे विचारणेसाठी आला. तो इथे सविस्तर मांडतो, कारण महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा किंवा त्या वर्गातली कोणतीही गाडी ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासमोर हा प्रश्न कधी ना कधी येतोच आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो चुकीच्या बाजूने विचारला जातो. "आपली पिकअप एवढे ओढेल का?" असे सगळे विचारतात. ओढेल, आणि सहज ओढेल. रिकामी पिकअप मागच्या मोटारीसकट थांबेल का आणि थांबताना सरळ राहील का, हे मात्र कोणी विचारत नाही.

ओढण्याचा हिशेब आधी उरकून टाकू. मोटारीचे वजन सुमारे 850 किलो. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर तिची चाके फिरत ठेवायला वजनाच्या साधारण दीड टक्का ओढ पुरते, म्हणजे 13 किलोच्या आसपास. दोन माणसे मोटार ढकलू शकतात ती याच कारणाने. शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या घाटात ही ओढ 65 किलोपर्यंत जाते. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे 500 मीटर उंची चढावी लागते आणि तेवढे वर ही मोटार नेण्यासाठी लागणारी ऊर्जा साधारण 42 लाख ज्यूल भरते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे साडेतीन कोटी ज्यूल असतात आणि त्यांतला पाव ते तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, हे धरले तर मोटार घाट चढवायला अर्धा लिटरही जास्तीचे डिझेल लागत नाही. दीड टन माल वाहण्यासाठी बांधलेल्या इंजिनाला हे काहीच नाही. पुतण्याचे म्हणणे इथपर्यंत पूर्णपणे बरोबर होते.

अडचण सुरू होते ती वजन कुठे आहे यावरून. आल्याची पोती पिकअपच्या हौद्यात असतात तेव्हा त्यांचा भार मागच्या ॲक्सलवर पडतो, टायर रस्त्यावर दाबले जातात, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात आणि ब्रेकला पकड मिळते. माल जितका वाढतो तितकी थांबण्याची क्षमताही काही प्रमाणात त्याच्याबरोबर वाढते. तेच 850 किलो दोरीने किंवा दांड्याने मागे बांधले, तर टायरवर एक किलोही दाब वाढत नाही, मात्र ब्रेक दाबताच ते सगळे वजन पाठीमागून पुढे येऊ पाहते. रिकाम्या पिकअपचे निम्म्याहून जास्त वजन इंजिनामुळे पुढच्या ॲक्सलवर असते. ब्रेक लावताना ते आणखी पुढे झुकते आणि मागची चाके जवळपास तरंगत राहतात. त्या स्थितीत ती घसरू नयेत म्हणून अशा गाड्यांना बहुधा मागच्या ॲक्सलशी जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह बसवलेला असतो. हौदा रिकामा असला की तो मागच्या ब्रेकचा दाब मुद्दाम कमी ठेवतो. मागे बांधलेली मोटार या व्हॉल्व्हला दिसत नाही. त्याच्या लेखी गाडी रिकामी आहे, म्हणून तो रिकाम्या गाडीला साजेल एवढाच ब्रेक देतो आणि नेमक्या त्याच वेळी मागून 850 किलोचा रेटा येत असतो.

आकड्यांत सांगायचे तर कोरड्या रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरने जाणारी एकटी पिकअप जोरात ब्रेक लावल्यावर 10 ते 11 मीटरमध्ये थांबत असेल, तर दांड्याने जोडलेल्या मागच्या मोटारीला ब्रेक नसताना तीच जोडी 15 मीटरच्या पुढे जाते. ताशी 60 ला हेच अंतर 23 मीटरवरून 34 मीटरवर जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंत कापलेले अंतर यात धरलेले नाही. वळणावर तर लांबलेल्या अंतरापेक्षाही मोठा धोका असतो, कारण मागून येणारा रेटा सरळ रेषेत न लागता तिरका लागतो, हलकी झालेली मागची चाके बाजूला सरकतात आणि पिकअपची पाठ फिरते. ओल्या रस्त्यावर यासाठी फार वेगही लागत नाही.

यावर पुतण्याचे उत्तर होते की मोटारीत माणूस बसेलच आणि तो ब्रेक लावत जाईल. दोरीने टोचन करताना खरोखर तसेच करावे लागते. दोरी ओढू शकते, रोखू शकत नाही, त्यामुळे जोडीचा खरा ब्रेक मागच्या माणसाच्या पायाखाली असतो आणि पुढच्याने ब्रेक लावण्याआधी मागच्याने दोरी ताणलेली ठेवायची असते. पण त्या पायाखाली काय उरले आहे, हे पाहण्यासाठी आम्ही कोपरीतच मोटारीत बसून पेडल दाबून पाहिले. नुकत्याच दुरुस्त होऊन आलेल्या दुसऱ्या मोटारीचे इंजिन चालू करून बंद केले आणि शिक्षकांनाच पेडल दाबायला सांगितले. पहिल्यांदा ते नेहमीसारखे खाली गेले, दुसऱ्यांदा निम्मे गेले, तिसऱ्यांदा थोडेसे हलले आणि चौथ्यांदा दगडासारखे लागले. पायाच्या जोराला मदत करणाऱ्या ब्रेक बूस्टरमध्ये इंजिनाने साठवलेली निर्वात पोकळी दोन-तीन दाबांत संपते आणि नंतर सगळा जोर पायाचाच. जिचे इंजिन बसले आहे त्या मोटारीत तर पहिल्या दाबापासूनच पेडल कडक होते. ब्रेक लागतो, पण त्यासाठी पायाचा जोर कितीतरी पट द्यावा लागतो. स्टिअरिंगचेही तेच, पॉवर स्टिअरिंग असलेल्या मोटारीचे इंजिन बंद असले की जागच्या जागी चाक वळवायला दोन्ही हातांची ताकद लागते. असा पाय आणि असे हात अडीचशे किलोमीटर, पाच मीटरवरच्या पिकअपच्या दाराकडे डोळे लावून, कोणी चालवायचे हा प्रश्न तिथेच उभा राहिला.

वागळे इस्टेटपर्यंतचा तुकडा

मोटार सोसायटीतून हलवायची होतीच आणि आम्ही नेहमी काम करून घेतो ते गॅरेज वागळे इस्टेटमध्ये आहे. तेवढे अंतर टोचन करून नेणे मला मान्य होते आणि रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, ते केलेही. तयारीचा भाग थोडक्यात सांगतो. मोटारीच्या पुढच्या बंपरखालचा हूक आधी हातोडीने ठोकून पाहिला, कारण कोपरीसारख्या खाडीलगतच्या भागात उभ्या गाडीचे खालचे पत्रे खाऱ्या हवेने खाल्लेले असतात आणि वरून रंग शाबूत दिसणारा हूक आतून पोकळ असू शकतो. पिकअपच्या बाजूला पट्टा मागच्या आडव्या संरक्षक पट्टीला न बांधता थेट चॅसिसला असलेल्या हुकाला बांधला. तारेचा दोर वापरायचा नाही, असे मी आधीच सांगितले होते. मोटार न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक खाली, चावी ऑन स्थितीत. चावी काढली तर स्टिअरिंगचे कुलूप पडते आणि पहिल्याच वळणावर मोटार सरळ जाते.

कोपरी पुलाच्या चढावर सगळे सुरळीत होते. तीन हात नाक्याजवळ सिग्नलला थांबून पुन्हा निघताना मात्र सगळ्यांच्याच लक्षात आले की टोचनातला त्रास सरळ ओढीचा नसून झटक्याचा असतो. मागच्याने ब्रेक किंचित लवकर सोडला, मोटार हातभर पुढे सरकली, पट्टा सैल पडून रस्त्याला टेकला आणि पुतण्याने क्लच सोडताच तो एकदम ताणला गेला. पिकअपचे मागचे पाटे कडकन वाजले. दोन गाड्यांच्या वेगात ताशी पाचच किलोमीटरचा फरक असताना सैल दोर ताणला गेला आणि तो दहा सेंटिमीटर लांबला असे धरले, तर त्या क्षणात सरासरी साडेपाचशे किलोचा आणि कमाल त्याच्या दुप्पट झटका हुकावर बसतो. सपाटीवर 13 किलोच्या ओढीसाठी लावलेला हूक तुटतो तो इथे. नायलॉनचा पट्टा ताणतो म्हणून झटका थोडा पसरतो. तारेचा दोर जवळजवळ ताणतच नाही, म्हणून झटका वाढतो आणि तुटलेला दोर काचेवर येतो. पुतण्याने पुढच्या सिग्नलपासून आपणहून पहिल्या गिअरमध्ये नुसत्या क्लचवर पट्टा ताणून घेऊन मगच निघायला सुरुवात केली आणि गॅरेजच्या दारात पोचल्यावर, कोरेगावपर्यंत असे जमणार नाही, हे त्यानेच काकांना सांगितले. एवढ्या छोट्या अंतरात रस्त्याने त्याला जे पटवले, ते माझे आकडे पटवू शकले नव्हते.

नियम काय सांगतात

1989 च्या रस्ते नियमावलीत टोचनासाठी स्पष्ट तरतुदी होत्या आणि 2017 मध्ये तिची जागा घेणाऱ्या नियमावलीनेही त्यांची चौकट कायम ठेवली. ओढणाऱ्या आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनांतले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसावे, दोर इतरांना सहज दिसेल असा असावा, ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या मागे पांढऱ्या पाटीवर किमान 75 मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत ते ओढले जात असल्याचे लिहिलेले असावे, त्याच्या स्टिअरिंगवर परवानाधारक चालक असावा किंवा पुढची चाके उचलून पक्की धरलेली असावीत. जुन्या नियमावलीत वेगाची कमाल मर्यादा ताशी 24 किलोमीटर होती. बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत पोचवणे, हा या सगळ्या तरतुदींचा रोख आहे. कोपरी ते वागळे इस्टेट त्यात बसते. कोपरी ते कोरेगाव बसवायचे म्हटले, तर ताशी 24 च्या वेगाने चाके फिरत असलेला वेळच दहा तासांच्या पुढे जातो.

या दहा तासांचा आणखी एक परिणाम सहसा कोणी मोजत नाही. मोटारीचे चारही इंडिकेटर सतत लुकलुकत ठेवायचे, तर प्रत्येकी 21 वॅटच्या चार बल्बांना सरासरी साडेतीन अँपिअर लागतात. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरत नसल्यामुळे ते सगळे बॅटरीतून जातात. दहा तासांत 35 अँपिअर-तास, म्हणजे अशा मोटारीची नवी बॅटरी पूर्ण रिकामी. जुनी बॅटरी पनवेल सोडल्यावर फार वेळ टिकणार नाही आणि त्यानंतर ब्रेकचे दिवेही जातील.

विम्याचे कलमही आम्ही वाचले. मालवाहू वाहनाच्या विमापत्रात ट्रेलर ओढण्याला मनाई असते आणि भाडे न घेता एखादे नादुरुस्त वाहन ओढण्यापुरती सूट सहसा दिलेली असते. पुतण्या काकांकडून पैसे घेणार नव्हता, त्यामुळे ती अट अडचणीची नव्हती. मात्र शेजाऱ्याची गाडी डिझेलच्या पैशांवर नेणाऱ्याने हे कलम आधी बारकाईने वाचावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण अपघातानंतर "भाडे" कशाला म्हणायचे याचा वाद त्याच्याच अंगावर येतो.

वाट

पुतण्याने नेहमीची वाट सांगितली होती : ऐरोलीवरून ठाणे-बेलापूर रस्ता, तुर्भे, कळंबोली, तिथून द्रुतगती मार्ग. ताशी 24 च्या जोडीने द्रुतगती मार्गावर जाणे विचारातही घेण्यासारखे नव्हते. जुन्या महामार्गाने खोपोली गाठून शिंग्रोबाच्या देवळावरून बोरघाट चढायचा म्हटले, तरी घाटाच्या वरच्या टप्प्यात जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग काही अंतर एकत्र येतात आणि तिथे कंटेनर, बस आणि वेगाने येणाऱ्या मोटारी यांच्या मध्ये ही जोडी येते. घाटात वाहतूक तुंबली की चढावर थांबावे लागते. रिकाम्या पिकअपची मागची चाके तिथे मोटारीचे वजन मागे खेचत असताना ओल्या रस्त्यावर जागेवरच फिरू शकतात, कारण या गाड्यांना जोर मागच्या चाकांनाच असतो आणि दाब मात्र तिथेच कमी असतो. हौद्यात तीन-चारशे किलो वाळूची पोती टाकली असती, तर हा एक दोष बराच कमी झाला असता. ब्रेकचा दोष त्याने अंशतःच भरून निघाला असता. पुण्याच्या पुढे कात्रजच्या बोगद्यानंतरचा उतार आणि मग खंबाटकी यांचा विचार करण्याची वेळच आली नाही.

दोरीऐवजी ए आकाराचा लोखंडी दांडा वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावा, असेही सुचवले गेले. दांड्याने झटके जातात आणि मोटार ठरावीक अंतरावर राहते, हे खरे. पण मग मागच्या माणसाने ब्रेक लावला नाही, तर सगळा रेटा पिकअपवर येतो, आणि वेल्ड तुटले तर मागे काहीच उरत नाही. पुढची दोन चाके उचलणारी डॉली किंवा पूर्ण ट्रेलर हा त्याहून शिस्तशीर मार्ग असला, तरी ट्रेलरला नोंदणी लागते, ओढणाऱ्या वाहनाचे हुकाचे बांधकाम त्या भाराचे असावे लागते आणि ट्रेलरवर मोटार कुठे उभी करायची याला फार महत्त्व असते. बैलगाडीत ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, तसेच ट्रेलरवर मोटार जरा मागे राहिली की पिकअपची पाठ उचलली जाते आणि वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. एकूण भाराचा दहावा हिस्सा तरी हुकावर पडायला हवा. आमच्या पिकअपला असा हूक नव्हता. ही मोटार पुढच्या चाकांवर चालणारी आणि हाताने गिअर बदलायची होती, म्हणून न्यूट्रलमध्ये चाकांवर ओढणे निदान शक्य तरी होते. स्वयंचलित गिअरबॉक्सची मोटार चालणारी चाके जमिनीवर ठेवून लांब ओढायचीच नसते, कारण तिचा तेलपंप इंजिनावर फिरतो आणि इंजिन बंद असताना आतले भाग कोरडे घासतात. विजेवर चालणारी मोटार असेल, तर चाकांबरोबर मोटर फिरून वीज तयार होते. या दोन्ही प्रकारांत चालणारी चाके उचलावी लागतात किंवा मोटार फ्लॅटबेडवर, म्हणजे ती पूर्ण वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर, न्यावी लागते.

फ्लॅटबेडचीही चौकशी झाली. सांगितलेले भाडे परतीच्या रिकाम्या फेरीसकट होते आणि बोअरच्या कामात वाचणारे पैसे त्यातच गेले असते.

तोडगा गॅरेजच्या मिस्त्रींनी काढला आणि मला तो या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. दुरुस्ती इंजिनाची करायची आहे, साताऱ्याला इंजिन पोचले पाहिजे, मोटार नाही, असे ते म्हणाले. त्यांनी तेल आणि कूलंट काढून, वायरिंग आणि नळ्यांना खुणेच्या चिठ्ठ्या लावून, चेन पुलीने इंजिन खाली उतरवले. गिअरबॉक्स वेगळा करून बाजूला ठेवला. शंभर किलोच्या आतले ते धूड पुढच्या खेपेला पिकअपच्या हौद्यात, केबिनच्या भिंतीला लागून, जुन्या टायरवर ठेवून चारही बाजूंनी पट्ट्यांनी आवळले. वजन तिथे होते, जिथे ही गाडी वजन वाहण्यासाठी बनवलेली आहे. पुतण्याला वाटेत काही वेगळे करावे लागले नाही.

बोअर, नवे पिस्टन, क्रँकचे ग्राइंडिंग आणि हेडचे काम साताऱ्यात झाले आणि इंजिन आल्याच्या पोत्यांबरोबर वाशीला आले. वागळे इस्टेटमध्ये ते बसवून, नळ्या सगळ्या नव्या घालून, तापमानाचा काटा नीट चालतो याची मिस्त्रींनी दोन दिवस खात्री करून घेतली. बोअर केलेल्या इंजिनाला पहिले हजार किलोमीटर ताण द्यायचा नसतो, म्हणून कोरेगावचा प्रवास लगेच न करता शिक्षकांनी ठाणे-बेलापूर रस्त्यावर आणि घोडबंदरला मध्यम वेगाने फिरवून त्यातले बरेचसे पुरे केले. त्यानंतर तेल बदलले आणि पुतण्या एका परतीच्या फेरीत पिकअप भावाच्या हाती देऊन मोटार स्वतः चालवत गावी घेऊन गेला.